पाठ केलेला तक्ता

दुसऱ्याला तपासायला आपण कायम तयार असतो. टोमॅटो दाबून बघतो, कपडा उलटा करून शिवण बघतो, नवी चप्पल वाकवून बघतो. पण आपल्याच दारात कुणी तपासायला आलं की आपली भुवई वर जाते. ‘म्हणजे काय, आमच्यावर विश्वास नाही?’ मंडळी, ही गोष्ट अशाच एका वर गेलेल्या भुवईची आहे. भुवई मात्र एका चांगल्या माणसाची होती, म्हणून तर ती सांगावीशी वाटते.

त्या माणसाला सगळी गल्ली चष्मेवाले काका म्हणायची. बाजाराच्या टोकाला त्यांचं बोळकांडीसारखं लांबट दुकान होतं. एका टोकाला गिऱ्हाइकाची खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरचं अक्षर मुठीएवढं, सगळ्यात खालची मुंगीएवढी. गाडी चालवायच्या परवान्याला नजरेचा जो दाखला लागतो तो द्यायचा अधिकार काकांकडे होता, आणि त्या बाबतीत काका कुणाचं ऐकत नसत. लोकही काही कमी नव्हते. बाहेर बाकावर बसल्या बसल्या आधीच्या माणसाचं ऐकून तक्ता पाठ करत आणि खुर्चीत बसलं की पोपटासारखा म्हणून दाखवत. मग काका शांतपणे उठत, तक्त्याची फळी खुंटीवरून काढत आणि उलटी करून टांगत. मागच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या हातांनी वेगळी अक्षरं रंगवली होती. पाठांतरवाल्याची तिथे बोबडी वळत असे.

त्या गुरुवारीही असंच झालं. दुधाची गाडी चालवणारा एक गृहस्थ वरच्या ओळीपासून खालपर्यंत न थांबता म्हणून गेला. काकांनी फळी उलटी केली. गृहस्थ तिसऱ्याच ओळीत अडखळला.

“काका, करा की सही. रोजचा तोच रस्ता आहे. कोण बघतंय?”

“रस्ता तोच आहे हो, पण त्यावर येणारी माणसं रोज वेगळी असतात,” काका म्हणाले. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि त्याला वाटेला लावलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले काकांचे साडू हे सगळं मजेत बघत होते. साडूंना घरात सगळे पाठीमागे युक्तीराव म्हणायचे. कुठल्याही सरळ कामाला ते एक तरी आडवाट शोधून काढायचे आणि त्या आडवाटेत सरळ वाटेच्या दुप्पट वेळ घालवायचे. आजही ते एक युक्ती घेऊनच आले होते.

मामला असा होता. काकांच्या गाडीचा विमा पंधरा वर्षं एकाच कंपनीकडे होता. यंदा त्या कंपनीचा फोन लागेना. लागला तर नऊ वेळा बटणं दाबायला लावून संगीत ऐकवत. काका वैतागले आणि त्यांनी कंपनी बदलायचं ठरवलं. नवी कंपनी आनंदाने तयार झाली. पण ही की ती, ती की ही, या घोळात जुन्या विम्याची मुदत संपून पाच दिवस उलटले. मग नव्या कंपनीने नम्रपणे कळवलं, की मध्ये खंड पडला आहे, तेव्हा विमा देण्याआधी आमच्याकडून कुणीतरी येऊन गाडी प्रत्यक्ष पाहील. शुक्रवारी अकरा वाजता.

यात वाईट वाटण्यासारखं काय होतं, असं तुम्ही म्हणाल. वाईट होतं ते गाडीच्या काचेवर. पुढच्या काचेला डाव्या बाजूने वीतभर तडा गेला होता. घरी काकांनी सांगितलं होतं की ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला. खरी गोष्ट वेगळी होती. दोन महिन्यांपूर्वी दिवेलागणीला घरी येताना काकांना फुटपाथची कड दिसलीच नव्हती. डावं चाक धाडकन वर चढलं आणि तिथल्या रोपाभोवतीच्या लोखंडी जाळीचा कोपरा काचेच्या कडेला लागला. आजूबाजूला कुणी नव्हतं. काकांनी गाडी मागे घेतली, घाम पुसला, आणि घरी पोचेपर्यंत दगडाची गोष्ट तयार झाली. ज्याच्या दाखल्यावर सारा गाव गाडी चालवतो त्यालाच कड दिसली नाही, हे सांगणार कुणाला?

आणि गाडी रविवारी लागणार होती. काकांची एकुलती एक लेक फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून डोंगरापलीकडच्या रुग्णालयात रुजू होणार होती. घाटाचा रस्ता, चार तासांची वाट. काका स्वतः तिला सोडून येणार होते. गाडी नंतर तिथेच, तिच्याजवळ राहायची होती. विमा नसेल तर गाडी हलणार नव्हती.

“तडा बघून कंपनीने नाहीच म्हटलं तर?” काकांनी साडूंना विचारलं.

“म्हणून तर मी आलोय,” युक्तीराव स्टूल पुढे ओढत म्हणाले. “साडूभाऊ, तुमची गाडी आणि माझी गाडी एकाच आठवड्यात घेतलेली, एकाच रंगाची. जुळ्या बहिणीच. माझ्या गाडीला ओरखडासुद्धा नाही. तुमच्या नंबराच्या पाट्या काढून माझ्या गाडीला लावायच्या. तपासणीवाला येतो, चार फोटो काढतो, चहा पितो, जातो. मग पाट्या परत जिथल्या तिथे. कोण बघतंय?”

मंडळी, अर्ध्या तासापूर्वी हेच दोन शब्द दुधाच्या गाडीवाल्याने उच्चारले होते, आणि काकांनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला होता. आता मात्र काका हनुवटी खाजवत राहिले. आपलं ते झाकायचं आणि लोकांचं ते वाकून बघायचं, ही खोड फार जुनी आहे. ती चांगल्या माणसांनाही सोडत नाही.

घरी काकूंना हा बेत कळला तेव्हा त्या पोळपाट पुसत होत्या. त्यांनी तो जागेवर ठेवला.

“अहो, तुम्ही? तुम्ही हे करणार?”

“लेकीसाठी करतोय. दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

“लेकीच्या गळ्यात कशाला टाकताय? दगड उडाला ना काचेवर? मग दगड उडाला असं सांगा. त्यात लपवायचं काय?”

काकूंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “येणाऱ्या माणसाला मी चहा करून देईन. पण मला कुणी काही विचारलं तर खोटं बोलणार नाही. भावोजींनाही सांगून ठेवा.”

शुक्रवारी सकाळी लेक सामान आणायला बाजारात गेली आणि साडूभाऊंची कामगिरी सुरू झाली. काकांच्या गाडीच्या दोन्ही पाट्या आदल्या संध्याकाळीच काढल्या होत्या. ती गाडी दोघांनी धापा टाकत ढकलत नेऊन दोन घरं पलीकडच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली झाकली होती. युक्तीरावांची गाडी आंघोळ करून दारात उभी होती. पुढची पाटी पाच मिनिटांत बदलली. मागच्या पाटीचे स्क्रू मात्र गंजून बसले होते. तेल घातलं, पक्कड लावली, युक्तीरावांनी ठेवणीतल्या चार शिव्याही दिल्या. स्क्रू जागचा हलेना.

“अजून अर्धा तास आहे,” युक्तीराव घाम पुसत म्हणाले. “हे लोक कधी वेळेवर आलेत?”

तेवढ्यात फाटकापाशी एक स्कूटर थांबली. तिशीच्या आतली एक मुलगी उतरली. साधा सलवार-कुडता, पायात बंद बूट, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. “गाडी तपासायला आले आहे,” ती म्हणाली. “आधीचं काम लवकर झालं. चालेल ना?”

चालणार नव्हतं, पण नाही कसं म्हणणार? युक्तीरावांनी पक्कड पाठीमागे धरली आणि मागच्या पाटीला टेकून, आपण सहज उभे आहोत अशा थाटात उभे राहिले. काका फाटकापाशी थिजले.

तिने घाई केली नाही. पिशवीतून एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडली. टॉर्च, काठीला बसवलेला छोटा गोल आरसा, पातळ कागदाची वही, दोन टोकदार पेन्सिली, एक छापील तक्ता आणि एक पेन. रांगेत मांडलेल्या त्या वस्तू पाहून काकांना दुकानातली आपलीच भिंगांची पेटी आठवली. हत्यारं अशी मांडणारा माणूस चार फोटो काढून जाणारा नसतो, हे त्यांना तेव्हाच कळलं.

ती गाडीच्या पुढे गेली, पाटीवरचा नंबर हातातल्या कागदाशी ताडून पाहिला. मग बाजूने चालत मागे आली. “काका, जरा सरकता का?” असं युक्तीरावांना म्हणाली. युक्तीराव डावीकडे सरकले. ती उजवीकडून वाकली, तर ते उजवीकडे आले. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ती नुसती हात जोडून उभी राहिली, तेव्हा ते बाजूला झाले.

पुढची पाटी एक नंबर सांगत होती आणि मागची दुसरा.

“या दोघींपैकी खरं कोण बोलतंय?” तिने विचारलं.

“अहो, ते काय आहे,” युक्तीराव म्हणाले, “हल्ली दोन नंबर ठेवायची पद्धत आहे.”

दारात उभ्या काकूंनी कपाळावर हात मारला. काकांचे कान लाल झाले. पस्तीस वर्षं समोरच्याची चोरी पकडलेला माणूस आज पहिल्यांदाच खुर्चीच्या या बाजूला बसला होता.

ती रागावेल, फोन लावेल, निघून जाईल असं त्यांना वाटलं. त्यातलं काहीच झालं नाही. तिने पेन उचललं, टोपण घट्ट असल्याची खात्री केली आणि ते पुन्हा ओट्यावर ठेवलं.

“काकू, थोडं पाणी मिळेल?” ती ओट्यावर बसली. मग काकांना म्हणाली, “माझी एक पद्धत आहे. पेन उघडलं की जे दिसेल ते लिहायचं. ते नंतर खोडायचं नाही, कुणी सांगितलं तरी नाही. अजून मी पेन उघडलेलं नाही. अकरा वाजायला वीस मिनिटं आहेत. तोवर मी पाहुणी. अकरा वाजता जी गाडी माझ्यासमोर उभी असेल ती मी तपासेन.”

तिने पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला.

“तुम्ही मला ओळखलं नाहीत. ओळखणार तरी कसे? सोळा वर्षं झाली. माझे वडील बस चालवायचे. परवान्याच्या नूतनीकरणाला तुमच्याकडे आले होते. मी सोबत होते, बारा वर्षांची. तुमचा तक्ता मीच त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता. आठ दिवस रोज दुकानाबाहेर उभी राहून मी एकेक ओळ उतरवून न्यायचे. बाबांना सगळं चोख पाठ झालं होतं. आणि तुम्ही फळी उलटी केलीत.”

काकांना खरंच काही आठवत नव्हतं. अशा कितीतरी फळ्या त्यांनी उलट्या केल्या होत्या.

“तुम्ही दाखला दिला नाहीत. सहा महिने बाबा घरी. आमच्याकडे तुमचा विषय निघाला की भांडी आपटायची. मी तर देवाकडे मागितलं होतं, की तुमच्या दुकानाला कुलूप लागू दे.” ती हसली. “पण तुम्ही नुसतं नाही म्हणाला नव्हतात. डॉक्टरांना चिठ्ठी दिली होतीत. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन झालं. मग बाबा परत तुमच्याचकडे आले आणि तक्त्याच्या दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या बसमधल्या एकाही माणसाला साधं खरचटलं नाही. निरोप समारंभात त्यांनी पहिलं नाव कुणाचं घेतलं, माहीत आहे? तुमचं. आज सकाळी यादीत तुमचं नाव पाहिलं आणि मी हे काम मागून घेतलं. म्हटलं, ज्यांच्यामुळे तपासणी म्हणजे काय ते मला कळलं, त्यांची गाडी आपल्या हातून पास होऊ दे.”

युक्तीरावांनी पाठीमागची पक्कड हळूच खिशात घातली. काकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी सहन केल्या असत्या, हे कौतुक त्यांना सहन होईना.

“ताई,” ते म्हणाले, “माझी गाडी पलीकडे ताडपत्रीखाली आहे. मी घेऊन येतो.”

“चालवू नका, विमा संपलाय,” ती म्हणाली. “ढकलून आणू. चला, मीही येते.”

आणि मंडळी, खरोखर ती आली! तपासायला आलेली ती मुलगी, तिचे दोन गुन्हेगार आणि पदर खोचलेल्या काकू असे चौघे मिळून गाडी ढकलत होते. तेवढ्यात लेक दोन पिशव्या घेऊन गल्लीत शिरली. बिनपाट्यांची आपली गाडी आणि तिला ढकलणारी ही वरात पाहून ती जागीच थांबली. मग पिशव्या फाटकात ठेवून तिनेही गाडीला हात लावला. तपासणीवाल्या ताईने पुढची पाटी तेवढी जागेवर बसवून घेतली. “मागचीही बसवा, पण नीट,” ती म्हणाली. युक्तीराव मुकाट्याने कामाला लागले. त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा पहिलीच सरळ वाट होती.

अकराच्या ठोक्याला तिने पेनाचं टोपण काढलं.

तिचं काम बघत राहावं असं होतं. बॉनेट उघडून आतल्या पत्र्यावर ठोकलेल्या नंबरावर तिने पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून अलगद घासली. कागदावर एकेक आकडा पांढरा उमटत गेला. “पाट्या बदलता येतात,” ती कुणाकडे न पाहता म्हणाली, “हा नंबर लोखंडात ठोकलेला असतो, आणि गाडीच्या कागदांवरही हाच असतो.” युक्तीराव पाना खाली ठेवून दुसरीकडे बघू लागले. आज स्क्रू निघाला असता तरी बेत इथे फसलाच असता, हे त्यांना तेव्हा उमगलं. दारं, दिवे, आरसे, मीटरवरचा आकडा, सगळं तिने एका लयीत पाहिलं. मग ती पुढच्या काचेपाशी आली. तड्यावरून बोट फिरवलं.

“हा तडा कशाने गेला?”

“ट्रकखालून दगड उडाला,” लेक चटकन म्हणाली. “बाबांनी सांगितलं होतं.”

ताईने पुन्हा एकदा बोट फिरवलं. “दगड लागला की काचेवर एक टिंब पडतं आणि तिथून चहूकडे रेघा जातात. हा तडा कडेवरून आत आलाय. काहीतरी बाजूने लागलंय.” पेन कागदावर टेकलेलं होतं. तिने काकांकडे पाहिलं, पण घाई केली नाही.

काका त्या पेनाच्या टोकाकडे पाहत राहिले. लेक शेजारी उभी होती, काकू उभ्या होत्या. पाट्यांचा घोळ एक वेळ साडूंच्या नावावर खपवता आला असता. ही गोष्ट मात्र त्यांची एकट्याची होती.

“दगड नव्हता,” ते म्हणाले. “मीच फुटपाथवर चढवली गाडी. दिवेलागणीला. मला कड दिसली नाही. झाडाची जाळी लागली काचेला. घरात खोटं सांगितलं. चष्मेवाल्याला दिसत नाही हे लोकांना कळलं तर काय होईल, याची भीती वाटली.”

काकू एवढंच म्हणाल्या, “मला वाटलंच होतं.”

तपासणीवाल्या ताईच्या कपाळावर मात्र आठी पडली. “कुठलं चाक चढलं होतं?”

“डावं. पुढचं.”

तिने पेन खिशाला लावलं आणि सरळ जमिनीवर गुडघे टेकले. तिच्या छापील तक्त्यात चाकाच्या आतल्या बाजूसाठी काही रकाना नव्हता. तिला हे करायची सक्ती नव्हती, कुणी विचारलंही नसतं. तरी तिने काठीचा आरसा चाकामागे घातला, टॉर्च मारला, आणि बराच वेळ तशीच पाहत राहिली.

“इकडे या,” ती म्हणाली. “आरशात बघा. हात लावू नका, बोचेल.”

लेक आधी वाकली, मग काका. बाहेरून टायर ठणठणीत दिसत होतं, नक्षी अजून खोल होती. आतल्या कडेला मात्र रबर पूर्ण घासून गेलं होतं आणि टोकदार तारांची झालर बाहेर आली होती.

“धक्क्याने चाकाचा दांडा वाकलाय,” ताई म्हणाली. “चाक तिरकं फिरतंय, म्हणून टायर आतून खातंय. गावात कमी वेगात जाणवलं नसतं. एवढ्यात लांब कुठे जायचंय का?”

“रविवारी. घाटातून,” लेक म्हणाली.

ताईने मान हलवली. घाटाची वळणं, तापलेलं टायर, शेजारी बसलेली लेक, हे सगळं काकांच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं. साडूंची ओरखडा नसलेली गाडी दाखवून आपण आज तपासणी जिंकणार होतो, आणि हरणार काय होतो! ते मट्‌कन ओट्यावर बसले. लेक त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

“आता कंपनी नाही म्हणेल का?” थोड्या वेळाने काकांनी विचारलं.

“नाही. मी लिहीन, काचेला डावीकडून आधीचा तडा. म्हणजे नवी काच बसवेपर्यंत तेवढ्या काचेची भरपाई मिळणार नाही. बाकी गाडीचा विमा मिळेल. बसवलीत की कळवा, मी येऊन बघून जाईन. टायर आणि दांडा दुरुस्त झाल्याशिवाय गाडी हलवू नका, हे मात्र कंपनी नाही, मी सांगतेय.” ती हसली. “एवढ्यासाठी तुम्ही पाट्या काढल्यात, काका? तडा होता तर तडा म्हणायचं.”

जाताना काकूंनी तिच्यापुढे चहाचा कप धरला. “काम झालंय ना, आता चालेल,” म्हणून तिने तो उभ्याउभ्याच प्यायला. पेन्सिलीने घासलेल्या नंबराचा एक जादा कागद काकांनी तिच्याकडे मागून घेतला. तो त्यांना दुकानात तक्त्याशेजारी चिकटवून ठेवायचा होता.

शनिवारी गॅरेजवाल्याने घरी येऊन दांडा आणि टायर बदललं. विम्याचे कागदही आले. दुपारी काका दुकान उघडून बसले, तोच काकू आणि लेक दारात हजर. काकू म्हणाल्या, “बसा खुर्चीत.”

“कुठल्या?”

“गिऱ्हाइकाच्या.”

काका बसले. समोर तक्ता होता. काकांनी डोळे बारीकही न करता वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवला. काकूंनी फळी उलटी केली. काकांनी तीही घडाघडा म्हटली, आणि म्हणता म्हणता मध्येच थांबले. दोन्ही बाजू त्यांना पाठ होत्या. पस्तीस वर्षं. आपल्याला दिसतंय की आठवतंय, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना.

लेकीने पिशवीतून एक कोरा पुठ्ठा काढला. त्यावर तिने सकाळी बसून काळ्या शाईने नवीन अक्षरं काढली होती, जुन्या तक्त्याच्याच मापाची. तो तिने फळीवर टाचला आणि बाजूला उभी राहिली.

काकांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीला पुढे वाकले. चौथ्या ओळीतल्या पहिल्या अक्षराशी ते खूप वेळ झगडले, आणि मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“दाखला मिळणार नाही,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी आधीच लिहून आणली होती.

रविवारी घाटातून गाडी लेकीने चालवली. काका शेजारी बसले आणि चार तासांत एकदाही ‘हळू’ म्हणाले नाहीत. काकू मागे सामानात बसून दोघांवर लक्ष ठेवून होत्या.

मंडळी, तुम्ही-आम्ही काय वेगळे आहोत? परवाना असो, विमा असो, घराच्या वायरिंगची पाहणी असो, तपासणाऱ्याला आपण आधी शत्रू ठरवतो आणि मग त्याला कसं चुकवायचं याची युक्ती शोधतो. खरं तर जो गुडघे टेकून आपल्या चाकामागे आरसा धरतो, त्याच्याएवढं आपलं भलं कुणी पाहत नाही. आपला तक्ता आपल्याला पाठ असतो, म्हणून आपली खोट आपल्याला दिसत नाही. ती बघायला दुसऱ्याचा डोळा लागतो. तो डोळा दारात आला तर त्याला खरी गाडी दाखवावी, एवढंच आपल्या हातात आहे.

महिन्याभराने काकांच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. गाडीच्या नव्या काचेची पाहणी करायला ताई तिकडे डोंगरापलीकडे जाऊन आली, आणि तिथून तिने लेकीचा निरोपही आणला. आज ती पुन्हा त्याच गल्लीत आली होती, पण काम साडूंच्या घरचं होतं. युक्तीरावांनाही आता कंपनी बदलायची होती. काका मुद्दाम बघायला गेले. युक्तीराव अंगणात गाडीपाशी अवघडून उभे होते. बॉनेट त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं.

“ताई,” ते म्हणाले, “मागच्या पाटीखाली थोडं पोचलंय. त्या दिवशी पक्कड निसटली होती. तुम्ही पेन उघडा, मी दाखवतो.”